एकदिवसीय क्रिकेटमधले तळाचे फिनिशर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुठलाही सामना शेवटच्या षटकात गेला की दुसऱ्या दिवशी तेच प्रश्न येतात. ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एका उत्तरात येऊन गेलेलं दुसऱ्यात पुन्हा सांगितलेलं नाही, फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. फिनिशर नक्की कोणाला म्हणायचं? सहाव्या-सातव्या क्रमांकावर येणारा प्रत्येक जण फिनिशर असतो का?

नाही. क्रमांक ही जागा आहे, फिनिशर हे काम आहे. डाव कुठे संपवायचा हे ठरवून उरलेले चेंडू आणि उरलेल्या विकेट्स त्या हिशेबाने खर्च करतो तो फिनिशर. सातव्या क्रमांकावर येऊन दोन षटकार मारून परत जाणारा खेळाडू उपयोगी असेल, पण डाव त्याने संपवलेला नसतो. उलट २०११च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात धोनी पाचव्या क्रमांकावर आला आणि नाबाद ९१ करून काम पुरं केलं. ते फिनिशिंगच होतं. इथली उत्तरं मात्र मुख्यतः सहा ते अकरा या क्रमांकांबद्दल आहेत, कारण तिथे मागे आधार नसतो.

२. शेवटच्या दहा षटकांत असं काय वेगळं असतं?

सर्वात मोठा फरक क्षेत्ररक्षणाचा. पहिल्या दहा षटकांत तीस यार्डांच्या वर्तुळाबाहेर दोनच क्षेत्ररक्षक, अकराव्यापासून चाळिसाव्यापर्यंत चार, आणि एक्केचाळिसाव्यापासून पाच. म्हणजे ज्या टप्प्यात सगळ्यात जोरात मारायचं, त्याच टप्प्यात सीमारेषेवर सगळ्यात जास्त माणसं उभी. म्हणून शेवटी नुसती ताकद पुरत नाही, मोकळी जागा शोधावी लागते.

दुसरा फरक चेंडूचा. दोन्ही टोकांकडून वेगवेगळा नवा चेंडू हा नियम २०११मध्ये आला, तेव्हापासून पन्नासाव्या षटकातही चेंडू फार तर पंचवीस षटकं जुना असायचा. टणक चेंडू बॅटवर छान येतो, रिव्हर्स स्विंग (जुना चेंडू हवेत उलट दिशेला वळणं) जवळपास बंद झाला होता. जुलै २०२५पासून चौतिसाव्या षटकानंतर दोनपैकी एकच चेंडू निवडून पुढे वापरायचा आहे. त्यामुळे तळाच्या फलंदाजांचं काम पूर्वीपेक्षा अवघड होणार, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. गोलंदाजांच्या हातातून बरंच काही काढून घेतलं गेलं होतं.

३. मोठे फटके मारणारा असला की पुरे, नाही का?

हा समज सगळ्यात चिवट आहे. ऑस्ट्रेलियाच्या मायकेल बेव्हनकडे बघा. १ जानेवारी १९९६ला सिडनीत वेस्ट इंडिजविरुद्ध पावसामुळे ४३ षटकांचा झालेला सामना, लक्ष्य १७३, आणि ऑस्ट्रेलिया ६ बाद ३८. बेव्हनने ८८ चेंडूंत नाबाद ७८ केल्या. शेवटच्या चेंडूवर चार हव्या होत्या, रॉजर हार्परला त्याने सरळ चौकार मारला. सगळ्यांच्या लक्षात राहिला तो चौकार. सामना जिंकून दिला तो त्याआधी पॉल रायफलसोबत केलेल्या ८३ धावांच्या भागीदारीने, आणि त्यातल्या बहुतेक धावा पळून काढलेल्या.

साधं गणित करा. १० षटकांत ७० हव्या असतील तर प्रत्येक षटकात सात. चार एकेरी, एक दुहेरी, एक निर्धाव चेंडू यातच सहा झाल्या. म्हणजे दर दोन षटकांत एक चौकार आला तरी तुम्ही गणिताच्या पुढे राहता. प्रश्न उभा राहतो तो सहा चेंडूंतले तीन निर्धाव गेल्यावर. मग उरलेल्या तिनांवर मोठा फटका मारावाच लागतो, आणि तिथेच झेल जातो. षटकार हा बऱ्याचदा आधीच्या निर्धाव चेंडूंचा दंड असतो.

४. फिनिशरची किंमत सरासरीवरून ठरवायची की स्ट्राइक रेटवरून (शंभर चेंडूंमागे किती धावा)?

दोन्ही आकडे एकेकटे फसवतात. सरासरी काढताना धावांना बाद झालेल्या डावांनी भागतात, त्यामुळे नाबाद राहणाऱ्याची सरासरी फुगते. बेव्हनची ५३.५८, धोनीची ५०.५७. बेव्हन १९६ डावांत ६७ वेळा नाबाद, धोनी २९७ डावांत ८४ वेळा. १९९९च्या विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेच्या लान्स क्लूजनरने २८१ धावा केल्या आणि सरासरी आली १४०.५०, कारण तो बाद झाला दोनदाच.

यावर "मग हे आकडे खोटेच" असं म्हणणारे बरेच भेटतात. मला ते पटत नाही. फिनिशरच्या बाबतीत नाबाद राहणं हेच काम आहे, त्याची बक्षिसी सरासरीत दिसली तर बिघडलं काय? खरी त्रुटी वेगळीच आहे. ६ बाद १०० असताना आलेला आणि ५ बाद २८० असताना आलेला, दोघांच्या तीस धावा आकड्यांत सारख्याच दिसतात. म्हणून खेळी बघताना तीन गोष्टी विचारा: आला तेव्हा किती चेंडू उरले होते, किती विकेट्स उरल्या होत्या, आणि तो उभा असताना समोरच्या टोकाला काय झालं. तिसरी गोष्ट धावफलकावर लिहिलेलीच नसते.

५. शेपूट सोबत असताना स्ट्राइक कशी राखतात?

शेपूट म्हणजे तळाचे, मुख्यतः गोलंदाज असलेले फलंदाज; स्ट्राइक म्हणजे चेंडू खेळायची पाळी. ती राखायला षटक दोन भागांत वाटून घेतात. पहिल्या तीन-चार चेंडूंवर जमलेला फलंदाज चौकार किंवा दोन धावा शोधतो, एकेरी मिळत असली तरी नाकारतो. पाचव्या-सहाव्यावर एक धाव घेऊन पुढच्या षटकासाठी समोर जातो. प्रतिस्पर्धी कप्तानालाही हे ठाऊक असतं. म्हणून त्याचं क्षेत्ररक्षण षटकाच्या मध्यावर बदलतं. आधी सगळे सीमारेषेवर, म्हणजे "एक घे बाबा", आणि पाचव्या चेंडूला तेच लोक तीस यार्डांत. मग ज्याला एक धाव हवी त्याला वरून मारायला जागा उघडी असते. हा सौदा दोन्ही बाजूंना महाग पडू शकतो.

सहाव्या चेंडूच्या वेळी यष्टिरक्षकाकडे नजर ठेवा. एका हातातला ग्लोव्ह तो काढून ठेवतो. चेंडू चुकला की फलंदाज बायसाठी (बॅटला न लागलेल्या चेंडूवरच्या धावेसाठी) धावणार हे त्याला माहीत असतं, आणि उघड्या हाताने फेक नेमकी जाते. गोलंदाजही तो चेंडू शक्यतो हळू आणि आखूड टाकतो, म्हणजे एक धावसुद्धा सुखासुखी निघू नये.

या खेळाचं टोक पाहायचं तर जानेवारी २०१७चा न्यूझीलंडविरुद्धचा ऑकलंडचा सामना. २८७ धावांच्या पाठलागात ऑस्ट्रेलिया ६ बाद ६७, तिथून सातव्या क्रमांकावर आलेल्या मार्कस स्टॉइनिसने नाबाद १४६ केल्या. शेवटच्या विकेटसाठी ५४ धावांची भागीदारी झाली आणि त्यात जॉश हेझलवूडने एकही चेंडू खेळला नाही. मग एका चेंडूवर हेझलवूड क्रीजबाहेर सापडला, केन विल्यमसनची फेक यष्टीवर लागली, आणि षटकं शिल्लक असताना ऑस्ट्रेलिया सहा धावांनी हरली. एकही चेंडू न खेळता तो धावबाद झाला. स्ट्राइक राखण्याची किंमत ही अशी वसूल होते, नॉन-स्ट्रायकरलाही सतत धावायच्या तयारीत राहावं लागतं.

६. पण मग शेपटाला खेळू दिलं तर जास्त बरं नाही का?

बहुतेक वेळा हो. या पानावर मला आग्रहाने काही सांगायचं असेल तर हेच. फिनिशिंग हे जोडीचं काम आहे आणि श्रेय मात्र एकालाच मिळतं.

७ नोव्हेंबर २०२३, वानखेडे. अफगाणिस्तानविरुद्ध २९२च्या पाठलागात ऑस्ट्रेलिया ७ बाद ९१. ग्लेन मॅक्सवेलच्या १२८ चेंडूंतल्या नाबाद २०१ धावा सगळ्यांना पाठ आहेत. पायांत गोळे आल्यामुळे पुढे पुढे तो जागेवर उभा राहूनच मारत होता. पॅट कमिन्सने ६८ चेंडूंत १२ केल्या. स्ट्राइक रेट काढला तर हसू येईल. पण २०२ धावांची अभेद्य भागीदारी व्हायची तर ते ६८ चेंडू कोणीतरी खेळून काढायलाच हवे होते. कमिन्स दोनच षटकं टिकला असता तर मॅक्सवेलला स्टॉइनिससारखं एकेक चेंडू मोजत बसावं लागलं असतं.

अशीच उदाहरणं बघा. ऑगस्ट २०१७मध्ये पल्लेकेलेत श्रीलंकेच्या अकिला धनंजयाने सहा बळी घेऊन भारताला ७ बाद १३१वर आणलं. लक्ष्य २३१. भुवनेश्वरकुमार नाबाद ५३, धोनी नाबाद ४५, आठव्या विकेटसाठी अभेद्य शतकी भागीदारी. यात धोनीपेक्षा भुवनेश्वरच्या धावा जास्त आहेत! धोनीने त्याला लपवलं नाही. जून २०१८मध्ये ओल्ड ट्रॅफर्डला २०६च्या पाठलागात इंग्लंड ८ बाद ११४ होतं. जॉस बटलरने शतक केलं, पण आदिल रशीदने २० धावा करत ८१ची भागीदारी होऊ दिली. आणि २०१०मध्ये मेलबर्नला श्रीलंका ८ बाद १०७ असताना अँजेलो मॅथ्यूज आणि लसिथ मलिंगाने नवव्या विकेटसाठी १३२ केल्या. मलिंगाच्या त्यात ५६.

नियम एवढाच: षटकं भरपूर असतील तर विश्वास ठेवा, चेंडू मोजके आणि अकरावा समोर असेल तर प्रश्न ५कडे वळा.

७. सामना मुद्दाम शेवटच्या षटकापर्यंत नेणं शहाणपणाचं आहे की जुगार?

गोलंदाज कोण उरलाय यावर ते ठरतं. चांगल्या गोलंदाजांची षटकं संपलेली असतील तर वाट बघणं शहाणपणाचं. जुलै २०१३, पोर्ट ऑफ स्पेन, तिरंगी मालिकेचा अंतिम सामना. भारताला श्रीलंकेविरुद्ध २०२ हव्या, नऊ गडी बाद, धोनीसोबत इशांत शर्मा. शेवटच्या षटकात १५ हव्या आणि चेंडू शमिंदा एरंगाच्या हातात. धोनीचा पहिला चेंडू निर्धाव गेला, मग षटकार, चौकार, षटकार. दोन चेंडू राखून काम झालं.

आता उलटी बाजू. जून २०१९, विश्वचषक, न्यूझीलंडविरुद्ध २९२चा पाठलाग. वेस्ट इंडिजचा कार्लोस ब्रॅथवेट सहाव्या क्रमांकावर येऊन १०१वर पोचलेला, मॅट हेन्रीच्या एका षटकात त्याने २५ कुटल्या होत्या. एकोणपन्नासाव्या षटकाचा शेवटचा चेंडू, हव्यात सहा धावा. त्याने षटकार मारायला पाहिला आणि ट्रेंट बोल्टने सीमारेषेवर झेल घेतला. वेस्ट इंडिज पाच धावांनी हरलं. एक धाव काढली असती तर पन्नासावं पूर्ण षटक त्याच्याच वाट्याला होतं. पण अकराव्याला साथीला घेऊन शतक ठोकलेल्या माणसाला घरबसल्या हे सांगणं सोपं असतं, हेही खरं. तो फटका जेमतेम काही हात कमी पडला.

८. पहिली फलंदाजी करताना फिनिशरला काय किंमत? लक्ष्यच नसतं.

तेव्हा तर जास्त कठीण, कारण कुठे थांबायचं हेच माहीत नसतं. ९ मार्च १९९६, बंगळूर, विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी. अजय जडेजाने २५ चेंडूंत ४५ केल्या आणि वकार युनूसच्या शेवटच्या दोन षटकांत ४० धावा गेल्या. भारत पाकिस्तानविरुद्ध जिंकला ३९ धावांनी. यापेक्षा स्पष्ट हिशेब कुठे मिळणार?

पडझड झाल्यावरही असंच. २०१९च्या विश्वचषकात ट्रेंट ब्रिजला ऑस्ट्रेलिया ५ बाद ७९ होती. आठव्या क्रमांकावरच्या नेथन कूल्टर-नाइलने ६० चेंडूंत ९२ केल्या, धावसंख्या २८८ झाली, विजय १५ धावांचा. आणि १९८३मध्ये टनब्रिज वेल्सला ५ बाद १७ वरून कपिलदेवने नाबाद १७५ केल्या, त्यातली शेवटची अभेद्य १२६ची भागीदारी सय्यद किरमाणीसोबतची. किरमाणी नाबाद २४. पुन्हा प्रश्न ६.

९. आठव्या क्रमांकावर फलंदाजी करणारा घ्यावा की खरा गोलंदाज?

यावर भांडणं होतात आणि होतच राहणार. माझं मत असं: आठव्याच्या धावांपेक्षा त्याच्या असण्याने वरच्यांना मिळणारं धाडस महत्त्वाचं. २०२३च्या विश्वचषकात हार्दिक पंड्या जखमी झाल्यावर भारताचं शेपूट आठव्या क्रमांकापासून सुरू झालं: शमी, बुमराह, कुलदीप, सिराज. उपांत्य फेरीपर्यंत त्याचं काही वाटलं नाही, वरचे धावा करतच होते. अहमदाबादच्या अंतिम सामन्यात मात्र तीन गडी लवकर गेले आणि पुढच्यांना हात आखडता घ्यावा लागला. पहिल्या दहा षटकांनंतरच्या चाळीस षटकांत चारच चौकार आले आणि डाव २४०वर संपला. खेळपट्टी संथ होती, ऑस्ट्रेलियाने गोलंदाजी उत्तम केली, हे सगळं मान्य. तरी मागे कोणी नाही हे माहीत असलेल्या फलंदाजाचं मन वेगळं चालतं.

२०२५च्या चॅम्पियन्स ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात याच्या उलट रचना होती. के. एल. राहुल सहावा, हार्दिक सातवा, रवींद्र जडेजा आठवा. न्यूझीलंडविरुद्ध २५२ धावा एक षटक राखून झाल्या, विजयी चौकार जडेजाचा.

पण गोलंदाजी कच्ची करून शेपूट लांबवायचं नाही. दहा षटकं टाकू शकत नसलेला आठवा म्हणजे सातवाच फलंदाज, चुकीच्या जागी खेळणारा.

१०. टी-ट्वेंटीमधला फिनिशर एकदिवसीय सामन्यात चालतो का?

कधी कधी. टी-ट्वेंटीत त्याला दहा-पंधरा चेंडू मिळतात आणि पहिल्या चेंडूपासून मारायची परवानगी असते. एकदिवसीयमध्ये तोच खेळाडू विसाव्या षटकातही मैदानात येऊ शकतो, आणि मग त्याला आधी वीस षटकं डाव बांधावा लागतो. ज्याला दोन्ही जमतं असे थोडे.

११. झेल उडाला आणि फलंदाजांनी एकमेकांना ओलांडलं, तर स्ट्राइक कोणाला?

आता नव्याला. पूर्वी झेल हातात जायच्या आत ओलांडलं तर जमलेला फलंदाज स्ट्राइकवर यायचा, आणि शेवटच्या षटकांत याचा मोठा फायदा व्हायचा. १ ऑक्टोबर २०२२पासून नवा फलंदाज बाद झालेल्याच्याच टोकाला येतो. अपवाद म्हणण्यासारखा एकच: झेल षटकाच्या शेवटच्या चेंडूवर गेला तर टोक बदलतं आणि पुढचा चेंडू समोरचा खेळतो. त्यामुळे दहाव्या क्रमांकाच्या खेळाडूने हवेत मारायचंच असेल तर सहाव्या चेंडूवर मारावं, असा थोडा विचित्र सल्ला निघतो.

१२. सामना हातातून गेलाय. शेपटाने तरी का झुंजायचं?

स्पर्धा असेल तर नेट रनरेटसाठी (गुण सारखे असताना क्रम ठरवणारा धावगतीतला फरक). संघ सर्वबाद झाला की त्याची षटकं पूर्ण पन्नास धरतात. समजा ३००च्या पाठलागात तुम्ही ३० षटकांत २०० वर सर्वबाद झालात. धावगती ६.६७ नाही, ४.०० लागते. शेपटाने आणखी ४० जोडल्या तर ती ४.८० होते. इथे एक बारकावा सुटतो: नुसतं टिकून राहण्याला काहीच भाव नाही. ५०व्या षटकापर्यंत किल्ला लढवून २०० वर नाबाद राहिलात तरी धावगती ४.००च. म्हणून अशा वेळी शेपटाने मारावं, टुकूटुकू खेळू नये.

पावसाची शक्यता असेल तर गणित उलटतं. पावसाने अडलेल्या सामन्याचं लक्ष्य ठरवणाऱ्या डकवर्थ-लुईस-स्टर्न पद्धतीत हातातल्या विकेट्सही मोजल्या जातात. ढग दाटले असताना नववा गडी गमावणं म्हणजे त्याच क्षणी आवश्यक धावसंख्या वर जाणं.

१३. धावसंख्या बरोबरीत आली तर घाई करावी का?

बरोबरी पुरणार आहे की नाही हे आधी माहीत करून घ्या. जून २०१६मध्ये ट्रेंट ब्रिजला श्रीलंकेविरुद्ध शेवटच्या चेंडूवर सात हव्या असताना इंग्लंडच्या लियम प्लंकेटने षटकार मारला. बरोबरी हाच त्या चेंडूतला सर्वोत्तम निकाल होता. समोर ख्रिस वोक्स आठव्या क्रमांकावर येऊन नाबाद ९५.

१७ जून १९९९ला एजबॅस्टनला परिस्थिती वेगळी होती. विश्वचषकाची ऑस्ट्रेलिया-दक्षिण आफ्रिका उपांत्य फेरी, त्याआधीच्या सुपर सिक्स टप्प्याच्या गुणतक्त्यात ऑस्ट्रेलिया वर, म्हणजे बरोबरी झाली तर दक्षिण आफ्रिका बाहेर. शेवटच्या षटकात नऊ हव्या होत्या. क्लूजनरने डेमियन फ्लेमिंगला पहिले दोन चेंडू सलग चौकार मारले. एक धाव, चार चेंडू. तिसऱ्यावर अॅलन डोनाल्ड नॉन-स्ट्रायकर टोकाला थोडक्यात वाचला. चौथ्यावर क्लूजनर धावला, डोनाल्ड चेंडूकडे बघत राहिला, मग बॅट हातातून पडली आणि तो धावबाद झाला. दोन चेंडू टाकायचेच राहिले.